पालीची शेपटी आणि माणसाची पाठ

भिलाईच्या सेक्टर १० मध्ये, भिलाई स्टील प्लांटच्या म्हणजे बीएसपीच्या क्वार्टरमध्ये ज्याचं लहानपण गेलं त्याला पालींची ओळख करून द्यावी लागत नाही. एक ट्यूबलाइटच्या मागे, एक मीटरच्या डब्यामागे, एक देवघराच्या कोनाड्यात. संध्याकाळी दिवे लागले की तिघींचे हद्दीचे वाद सुरू. आईनं झाडू उगारला की पाल शेपटी टाकून पसार व्हायची आणि ती शेपटी फरशीवर एकटीच वळवळत राहायची. आजी म्हणायची, "आधी उचल रे ते, मला जेवण जायचं नाही." काही आठवड्यांनी तीच पाल नव्या शेपटीसह भिंतीवर हजर. शेपटी थोडी आखूड, रंगाला वेगळी, ठिगळ लावल्यासारखी.

त्या वयात कुणी सांगितलं नव्हतं की पालीच्या शेपटीत मज्जारज्जूही असतो. शेपटीबरोबर तो तुटतो आणि शेपटीबरोबर पुन्हा वाढतो. मात्र नवा माल अस्सल नसतो. मणक्यांच्या जागी कूर्चेची एक सलग नळी येते, मज्जारज्जूच्या जागी त्याचं पातळ अस्तर तेवढं वाढतं आणि नव्या शेपटीला हलवणारे तंतू उरलेल्या बुंध्यातूनच येतात. जुगाडच म्हणायचा. पण शेपटी हलते, पालीचं काम भागतं.

माणसाचं तेवढंही भागत नाही. भिलाईत "सेक्टर नाइनला नेलं" एवढंच म्हटलं की कळतं, जवाहरलाल नेहरू हॉस्पिटलात नेलं. आमचा सेक्टर नंबरानं त्याचा शेजारी, त्यामुळे अशा बातम्या आमच्याकडे लवकर पोचायच्या. हात मोडला म्हटलं की लोक "प्लास्टर किती दिवस?" विचारायचे. मणक्याला मार लागला म्हटलं की कुणी काही विचारायचंच नाही.

शीर, नस आणि पाठीतलं पाणी

मराठी माणसाचा गोंधळ भाषेपासूनच सुरू होतो. मानेची शीर आखडते, पोटरीत शिरेवर शीर चढते, कमरेत नस दबते आणि दवाखान्यात सलाइन लावताना सिस्टरला 'नस सापडत नाही'. यातल्या पहिल्या दोन गोष्टी स्नायूंच्या, तिसरी खरोखर चेतातंतूची आणि चौथी रक्तवाहिनीची. आपण सगळ्यांना एकाच दोरीत ओवलं आहे.

मज्जारज्जू या सगळ्यांहून वेगळा. लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट. जाडी करंगळीएवढी. वजन ३५ ग्रॅमच्या आसपास, एका बेताच्या बेसनाच्या लाडवाएवढं. त्यातून ३१ जोड्या चेतातंतू फुटतात आणि मानेखालचा सगळा कारभार त्यांच्यावर चालतो.

हा रज्जू कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. आईच्या पोटात तिसऱ्या महिन्यापर्यंत दोघांची लांबी सारखी असते. मग कणा वाढत सुटतो आणि रज्जू मागे पडतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. त्याच्या खाली नुसता तंतूंचा झुबका लोंबत असतो, ज्याला शरीरशास्त्रानं लॅटिनमधून 'घोड्याची शेपटी' असंच नाव दिलंय. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो' ही भीती घरोघरी ऐकू येते, पण ते पाणी काढायची सुई या झुबक्याच्या पातळीवर जाते. तिथे रज्जू नसतोच. सुई आली की तंतू बाजूला सरकतात.

नखाच्या दहापट वेगानं

पतंगाच्या मांज्यानं किंवा यंत्रात सापडून मनगटातला चेतातंतू कापला गेला आणि सर्जननं टोकं नीट जुळवली, तर तो पुन्हा वाढतो. वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. ऐकायला कासवाची चाल वाटते, पण नख दिवसाला एक दशांश मिलिमीटर वाढतं आणि केस त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे तुटलेला तंतू नखाला दहापट आणि केसाला तिपटीनं मागे टाकतो. कोपरापाशी तुटलेला तंतू बोटाच्या टोकाला पोचायला सव्वा-दीड वर्ष लागतं ते याच हिशेबानं. डॉक्टर त्याच्या वाटेवर बोटानं टिचक्या मारत जातात. जिथे मुंग्या येतात तिथवर तंतू पोचला असं समजायचं.

तुटल्यावर आधी काय होतं हे १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञानं बेडकाच्या जिभेत पाहिलं. पेशीपासून तुटलेला पुढचा तुकडा काही दिवसांत विरघळतो. मग हातापायांच्या तंतूंभोवतीच्या श्वान पेशी कामाला लागतात. नावावर जाऊ नका, हे थिओडोर श्वान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचं आडनाव आहे. या पेशी राडारोडा उचलतात, ओळीनं उभ्या राहून पोकळ बोगदा तयार ठेवतात आणि नव्या तंतूला वाढीचं खाद्यही पुरवतात. सफाई, रस्ता आणि डबा, तिन्ही कामं एकाच खात्याकडे. असं खातं आपल्या नगरपालिकांना मिळो.

दोष तंतूचा नाही, मोहल्ल्याचा

मग मज्जारज्जूत हेच का होत नाही? चेतापेशी त्याच जातीच्या, तंतू तसेच. इजिप्तमधल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकीय पपायरसनं मोडलेल्या कण्याबद्दल या दुखण्यावर इलाज करू नये असा निकाल दिला होता, आणि विसाव्या शतकातले डॉक्टरही मनातून त्याच मताचे होते. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल म्हणजे चेताशास्त्राचे पितामह, १९०६ चे नोबेल मानकरी. वाढत्या तंतूच्या टोकाशी असलेला, चाचपडत पुढे सरकणारा शंकू त्यांनीच १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात पहिल्यांदा ओळखला. मोठ्या प्राण्याच्या मज्जारज्जूबाबत मात्र त्यांचाही सूर निराशेचा. तुटलेला तंतू थोडी धडपड करतो आणि थांबतो.

गंमत पाहा, त्यांच्याच प्रयोगशाळेत फ्रान्सिस्को तेलो नावाच्या शिष्यानं १९११ मध्ये मेंदूत पायाच्या चेतातंतूचा तुकडा बसवला आणि मेंदूतले तंतू त्या तुकड्यात शिरताना पाहिले. लोकांनी ते वाचलं आणि विसरले. सत्तर वर्षांनी, १९८१ मध्ये, मॉन्ट्रियलमध्ये अल्बर्ट आग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी उंदराच्या मज्जारज्जूला पायाच्या तंतूचा तुकडा पुलासारखा जोडला. 'वाढतच नाहीत' म्हणून बदनाम झालेले तंतू त्या पुलातून कितीतरी सेंटीमीटर धावले. पलीकडे पुन्हा मज्जारज्जूत शिरायची वेळ आली तसे दारातच अडले.

या सगळ्या विषयातला माझा सर्वांत आवडता प्रयोग हाच. कामगार तोच, एका सेक्टरमध्ये मन लावून राबतो आणि दुसऱ्यात पाऊल टाकलं की हात बांधून उभा राहतो. मग चौकशी कामगाराची करायची की सेक्टरची?

सेक्टरची चौकशी झूरिकच्या मार्टिन श्वाब यांनी केली. मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असतं तसं. १९८८ मध्ये श्वाब यांच्या गटानं दाखवलं की हे वेष्टणच नव्या वाढीला हाकलून लावतं. २००० मध्ये त्यातला मुख्य रेणू हाती लागला. त्याचं नाव 'नोगो'. इंग्रजीत 'नो गो', मराठीत 'प्रवेश बंद'. शास्त्रज्ञांना विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं? कोंबडीच्या पिलाचं उदाहरणही इथे जुळतं. अंड्यात तेराव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या मज्जारज्जूत मायलिन धरू लागतं, आणि तुटलेला रज्जू जोडायची त्याची ताकदही त्याच सुमारास जाते. बेडकाचंही थोडंफार तसंच. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाचं शेपटीवालं पिल्लू रज्जू सांधू शकतं, बेडूक झाला की विसरतो.

दुसरा अडथळा जखमेच्या वणाचा. त्यात काँड्रॉइटिन नावाचा चिकट पदार्थ साचतो. नाव ओळखीचं वाटलं ना? गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या डब्यावर छापलेलं असतं तेच. गुडघ्यात गादीचं काम करणारा हा पदार्थ पाठीत कुंपण होऊन बसतो. २००२ मध्ये लंडनच्या एलिझाबेथ ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी हे कुंपण कापणारं विकर उंदरांच्या पाठीत सोडलं आणि उंदरांची चाल सुधारली. हे विकर प्रोटियस या जिवाणूकडून उसनं घेतलेलं. त्याच्या भावकीतले जंतू मूत्रमार्गाचा संसर्ग करतात, आणि कमरेखालून हालचाल गेलेल्या माणसाचा एक जुना वैरी म्हणजे हाच संसर्ग.

वणाला पुरता खलनायक ठरवायचीही घाई नको. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या मायकेल सोफ्रोन्यू यांच्या गटानं उंदरांत वण होऊच दिला नाही, तर तंतू वाढायच्या ऐवजी आणखीनच आखडले. कुंपण काही प्रमाणात आधारही देत होतं. आणि नोगोला गप्प करणाऱ्या प्रतिपिंडाची माणसांवरची मोठी युरोपीय चाचणी २०२४ च्या शेवटी छापून आली तेव्हा सगळ्या रुग्णांचा एकत्र हिशेब मांडता फरक दिसला नाही. ज्यांचे काही तंतू शाबूत होते अशांच्या हातांत थोडी आशा दिसली, तेवढीच.

धानाच्या शेतातला मासा

छत्तीसगडला 'धान का कटोरा' म्हणतात. धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यात बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळे पट्टे ओढलेले मासे आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी सापडतात. प्रयोगशाळेत त्यांना झेब्राफिश म्हणतात. शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ, आणि त्यातला 'डॅनिओ' आला बंगालीतल्या 'धानी'वरून, म्हणजे धानाच्या शेतातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या डॉक्टरनं १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत काचेच्या टाक्यांमध्ये तो लाखोंनी पोहतो आहे. अस्सल देशी माल, परदेशात जाऊन नाव काढलेला.

या माशाचा मज्जारज्जू आरपार कापला तरी सहा ते आठ आठवड्यांत तो पुन्हा पोहायला लागतो. तोही जुगाड करून नाही. आधी आधार देणाऱ्या पेशी दोन्ही टोकांकडून लांबत येतात, मधल्या खिंडीवर पूल बांधतात आणि मग तंतू त्या पुलाच्या सोबतीनं पलीकडे जातात. आपल्या पाठीत याच प्रकारच्या पेशी कुंपण घालतात. २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या शोधनिबंधानं हा पूल बांधायला सांगणारा एक रेणू शोधला. मायसा मोकाल्लेद आणि केनेथ पॉस यांच्या त्या कामाच्या लेखकांमध्ये चिन्मय पात्रा होते, आणि त्यांची स्वतःची प्रयोगशाळा आहे पुण्यात, आघारकर संशोधन संस्थेत. तिथल्या गटानं २०२३ मध्ये दाखवलं की तोच रेणू झेब्राफिशच्या मणक्यांमधल्या झिजलेल्या चकतीलाही उभारी देतो. स्लिप डिस्कवाल्यांनी लगेच मासे गिळायला धावू नये. रेणू माशाच्या पेशींना निरोप देतो, पचनसंस्थेला नाही.

आघारकर म्हणजे समाजसुधारक आगरकर नव्हेत, हेही सांगून टाकतो, कारण दर चारांतला एक माणूस चुकतो. हे शंकर पुरुषोत्तम आघारकर, मालवणचे, वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी पश्चिम घाटातल्या नदीत गोड्या पाण्यातली जेलीफिश शोधून त्यांनी प्राणिशास्त्रज्ञांना चकित केलं होतं. त्या जेलीफिशचा लांबचा नातेवाईक म्हणजे हायड्रा. त्याचे तुकडे केले की प्रत्येक तुकडा नव्या चेताजाळ्यासकट नवा हायड्रा होतो. आणि याच हायड्रावर पुण्याच्या आघारकर संस्थेत वर्षानुवर्षं काम चाललं. तिथल्या एका वाणाच्या नावातच पुणे आहे, 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे'. पुणेकरांचं तुकडे पडल्यावरही माघार न घेणं नुसतं पाटीपुरतं नाही म्हणायचं.

वेल्डिंग

भिलाईकराला रूळ कळतात. आमच्या कारखान्यात १३० मीटरचा सलग रूळ निघतो आणि दोन जोडून २६० मीटरचा पल्ला तयार होतो. जोड कुठे आहे ते हात फिरवून सुद्धा सापडू नये असं वेल्डिंग. मग तुटलेल्या तंतूची दोन टोकं अशी सांधता येणार नाहीत का?

एका प्राण्यात येतात. एक मिलिमीटर लांबीचा, मातीत राहणारा, पारदर्शक सूत्रकृमी. त्याच्या अंगात चेतापेशी मोजून ३०२. आणि मोजून म्हणजे खरंच मोजून, प्रत्येकीला नाव आहे. २००४ मध्ये लेसरनं त्याचा एकच तंतू कापून तो पुन्हा वाढताना बघण्याची करामत जमली. नंतर कळलं की काही वेळा वाढणारं टोक तुटलेल्या पुढच्या तुकड्याला जाऊन चिकटतं, दोघांची आवरणं एक होतात आणि स्पर्श परत येतो. हरियाणात मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिंद्य घोष-रॉय यांचा गट या वेल्डिंगचे नियम शोधतो आहे. याच गटानं २०२१ मध्ये दाखवलं की तंतू तुटलेल्या कृमीला पोहायला लावलं तर त्याचा तंतू चांगला वाढतो आणि काम लवकर परत येतं. एवढ्याशा किड्याला फिजिओथेरपी! मला हे वाचून आधी हसू आलं. मग मुरलीकांत पेटकर आठवले. त्यांच्याकडे येतोच.

नाकातून पाठीत

फोडणीचा वास आला की ज्या पेशींनी तो टिपला त्या महिन्या-दोन महिन्यांत बाद होतात आणि नव्या येतात. नाकातल्या चेतापेशी आयुष्यभर नव्यानं उगवत राहतात आणि त्यांचे तंतू नाकातून मेंदूपर्यंत नवी वाट काढतात. म्हणजे मोठ्या माणसाच्या शरीरात एक तरी जागा अशी आहे जिथे नव्या तंतूला मेंदूचं दार उघडतं. हे दार उघडून धरणाऱ्या पेशी लंडनच्या जेफ्री रेझमन यांनी १९८५ मध्ये ओळखल्या.

पोलंडमध्ये २०१० मध्ये चाकूहल्ल्यात डारेक फिदिका या माणसाचा मज्जारज्जू जवळजवळ आरपार कापला गेला. २०१२ मध्ये व्रोत्सवाफमध्ये पावेल ताबाकोव यांनी त्याच्याच मेंदूतल्या गंधपिंडातून या पेशी काढल्या, वाढवल्या, जखमेभोवती सोडल्या आणि घोट्याजवळच्या चेतातंतूच्या पट्ट्या ८ मिलिमीटरच्या खिंडीत पूल म्हणून घातल्या. तेलोचा आणि आग्वायोंचा तोच जुना पूल. आधारानं तो पावलं टाकू लागला, पुढे तीनचाकी सायकल चालवू लागला. २०१४ मध्ये जगभर बातम्या झाल्या. पण तो एकच माणूस, आणि त्याच्या रोजच्या पाच-पाच तासांच्या व्यायामाचा वाटा किती, पेशींचा किती, हे वेगळं करता येत नाही. रेझमन २०१७ मध्ये वारले.

मेंदू गुडघ्यात

'तुझा मेंदू गुडघ्यात आहे' हे आपल्याकडे शाळेत रोज ऐकू येतं. चालण्यापुरतं बोलायचं तर ते फारसं चुकीचं नाही, फक्त पत्ता गुडघ्याचा नसून कमरेचा आहे. एक पाय पुढे, एक मागे, हा ठेका धरणारं चेतापेशींचं जाळं मज्जारज्जूच्या कमरेकडच्या भागात असतं. ग्रॅहम ब्राऊन यांनी १९११ मध्ये मांजरावर हे दाखवलं. मेंदूपासून तोडलेला रज्जू आपल्या आपण पावलांचा ताल धरतो. मेंदू फक्त 'चल' आणि 'थांब' सांगतो. खाटिकाच्या दुकानात मुंडकं नसलेली कोंबडी का पळते, हे इथे कळतं.

म्हणजे मणक्याला मार लागलेल्या पुष्कळ जणांच्या कमरेतला तबलजी जिवंत असतो, फक्त त्याला इशारा पोचत नाही. मग तंतू उगवायची वाट कशाला पाहायची, इशारा बाहेरून द्या! लोझानचे ग्रेगॉर कूर्तीन आणि जोसलिन ब्लॉख यांनी हेच केलं. गेर्ट-यान ऑस्कम हा डच माणूस २०११ मध्ये सायकल अपघातात जायबंदी झाला होता. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये त्याची हकिकत आली. मेंदूवर बसवलेली यंत्रं चालण्याचा विचार टिपतात, पाठीवरच्या पिशवीतला संगणक त्याचं भाषांतर करतो आणि कमरेवरचे विद्युतपट्टे मज्जारज्जूला चालना देतात. गंमत म्हणजे काही महिन्यांच्या सरावानंतर यंत्र बंद असतानाही तो कुबड्यांवर चालू शकला. उरलेले थोडे तंतू नव्यानं कामाला लागले होते.

ज्यात कापाकापी नाही अशी पद्धतही आली आहे. मानेवर वरूनच पट्ट्या चिकटवून वीज द्यायची आणि हातांचा व्यायाम करायचा. ६० जणांच्या चाचणीत ७२ टक्क्यांना पकडीत आणि बळात फायदा झाला आणि अमेरिकेनं २०२४ च्या डिसेंबरमध्ये या यंत्राला परवानगी दिली. चालण्याच्या चमत्कारापेक्षा मला ही बातमी मोठी वाटते. मानेला मार लागलेल्या माणसाला विचारलं तर तो पाय मागत नाही. स्वतःच्या हातानं चहाचा कप धरता यावा, एवढंच मागतो.

३७.३३ सेकंद

आता पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, सैन्याच्या ईएमई या तांत्रिक शाखेचे जवान, मुळात बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यात रुतून राहिली, कमरेखालचं अंग गेलं. व्यायाम म्हणून पाण्यात उतरवलं आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. पॅरालिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारे ते पहिले भारतीय. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आला २०२४ मध्ये, अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत. चेतातंतू दिवसाला एक मिलिमीटर वाढतो. सरकारी दप्तराचा वेग मोजायला वेगळी फूटपट्टी लागेल.

पेटकरांचा तुटलेला तंतू काही जुळला नाही. कण्याच्या दुखापतीचं जग आजवर ज्यांनी बदललं त्यांच्यातल्या बहुतेकांचा जुळला नाही. खडकीला १९७४ पासून जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, तिथे व्हीलचेअरवर बास्केटबॉल चालतो आणि हात गेलेले जवान तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना शाळकरी वयातून बाहेर पडता पडताच चाकाची खुर्ची आली. त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली आणि आत्मचरित्राचं नावच 'चाकाची खुर्ची' ठेवलं. दिल्लीचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभारणारे मेजर एच. पी. एस. अहलुवालिया १९६५ च्या मेमध्ये एव्हरेस्टवर उभे होते आणि त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून खुर्चीत बसले.

या सगळ्यांना जगवलं कुणी? लुडविग गुटमान नावाच्या जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू डॉक्टरनं. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला त्यानं वॉर्ड उघडला तेव्हा असे रुग्ण पाठीच्या जखमा आणि लघवीच्या संसर्गानं काही महिन्यांतच जायचे. गुटमानचं औषध काय, तर दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा आणि रात्रीही. तो रात्री अपरात्री वॉर्डात येऊन बघायचा. २९ जुलै १९४८ ला त्यानं १६ रुग्णांची तिरंदाजी स्पर्धा घेतली, आणि आजचं पॅरालिम्पिक त्यातून आलं.

ही कूस मी जवळून पाहिली आहे. आमच्या ओळीतले एक काका जांभळाच्या झाडावरून पडले. जांभळाची फांदी ठिसूळ, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी दरवर्षी कुणीतरी चढतं. काका घरी आले तेव्हा काकूंनी चावीचं गजराचं घड्याळ पलंगाखाली ठेवलं. दर दोन तासांनी ते वाजायचं. काकू उठायच्या, पाय आधी वळवायच्या, मग कंबर, दोन गुडघ्यांमध्ये उशी सरकवायच्या, टाचा अधांतरी राहतील अशी घडी घातलेली चादर खाली घालायच्या, आणि छोट्या आरशात माकडहाडावरची कातडी लाल झाली का ते बघायच्या. रात्री अकराला, एकला, तीनला, पाचला. अकरा वर्षं काकांच्या पाठीला एकही जखम झाली नाही.

पॅकेज

त्याच काकांना कुणीतरी मोठ्या शहरातून 'स्टेम सेल'चं माहितीपत्रक आणून दिलं होतं. काही लाखांचं पॅकेज, राहणं-जेवण धरून. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा मान्य इलाज नाही, तो फक्त नोंदणी केलेल्या चाचणीतच द्यायचा. कुणी 'चाचणी आहे' म्हणालं तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा. आणि चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. पैसे मागितले की समजा, ती चाचणी नव्हे. काकूंनी ते पत्रक घडी करून खिडकीच्या फटीत खोचलं. वारा येत होता.

आणि पडलाच कुणी तर

जगात आज मज्जारज्जूच्या दुखापतीसह जगणारी माणसं दीड कोटींहून जास्त आहेत. आपल्याकडे त्यातले बरेच पडून जखमी होतात, झाडावरून, गच्चीवरून, विहिरीत, नाहीतर रस्त्यावर गाडीवरून. रज्जूला पहिला घाव पडतो तो क्षणात, आणि दुसरा नंतरच्या तासांत. सूज येते, आत रक्त साचतं, वाचलेल्या पेशी एकापाठोपाठ मरतात. म्हणून दबलेला मज्जारज्जू शक्य तर २४ तासांच्या आत मोकळा करतात. आणि मोडका मणका हलला, तर जे तंतू पडताना वाचले होते ते उचलताना तुटतात.

काका पडले तेव्हा आम्ही चौघे धावलो. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले आणि झोळीसारखे उचलून रिक्षात बसवले. बसवले! आमच्या उचलण्यानं किती बिघडलं हे कुणी सांगू शकणार नाही, डॉक्टरांनीही कधी काढलं नाही. पण तुम्ही असं करू नका. माणूस पडला आणि मान किंवा पाठ दुखते म्हणाला, पाय हलत नाहीत म्हणाला किंवा शुद्धीवरच नसला, तर त्याला बसवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. आग, पाणी किंवा गाड्यांचा धोका नसेल तर जागचं हलवूच नका. एकानं डोकं दोन्ही हातांनी जसं आहे तसं धरून ठेवायचं आणि दुसऱ्यानं १०८ फिरवायचा. हलवावंच लागलं तर डोकं, मान, पाठ, पाय एका सरळ रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी एका दमात, लाकडाचा ओंडका वळवतात तसं कुशीवर वळवून पाठीखाली फळी सरकवायची. घराचं दार बिजागरीतून काढलं तरी चालतं.